शेअरबाजारातील शेवटचा अर्धा तास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या संमेलनात दरवर्षी मला चार शब्द बोलावयास सांगण्यात येते. शुद्धलेखन, पाठांतर, मुलांचे हस्ताक्षर असे माझ्या आवाक्यातील विषय घेऊन मी आजवर आपली दहापंधरा मिनिटे घेत आलो. यंदा कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी 'शेअरबाजारातील शेवटचा अर्धा तास' असे लिहून पाठविले. चिटणीसांना वाटले की पाकिटात दुसऱ्याच कोणाची चिठ्ठी आली. त्यांचे चुकले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे पाढे शिकविणारा, मॅट्रिक आणि शिक्षकी पदविका यांपलीकडे कोणतीही परीक्षा न दिलेला हा मनुष्य. त्याचा आणि शेअरबाजाराचा संबंध काय? संबंध आहे. तो दहा महिने होता, आणि किती रुपयांचा होता हेही मी आज सांगणार आहे.

प्रथम हा विषय का घेतला ते निवेदन करतो. मागील संमेलनात पंगत उठल्यावर तिघा पालकांनी मला निरनिराळ्या वेळी बाजूस घेतले. तिघांचेही म्हणणे जवळजवळ एकच होते : "गुरुजी, मुलगा शिकला आहे, पण दिवसभर घरी मोबाइल घेऊन बसतो. विचारले तर शेअरचे काम करतो म्हणतो. हे काम धरावे की नाही? तुम्ही त्याला समजावून सांगा." मी तिघांनाही 'पाहू' म्हणालो. आपण कोणास विचारीत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि सांगण्याचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चांगल्या कंपनीचे भाग विकत घेऊन ते वर्षानुवर्षे ठेवणे यास माझा मुळीच विरोध नाही. आपल्यांपैकी पुष्कळांनी तसे करून मुलांची शिक्षणे केली आहेत. मी बोलणार आहे ते सकाळी घेऊन दुपारी विकणे, अथवा सकाळी विकून दुपारी घेणे, या व्यवहाराविषयी. आयकर कायदाही या एकाच दिवसात मिटणाऱ्या व्यवहारास सट्टाच समजतो. आणि त्यातही विशेषेकरून बाजार बंद होण्याच्या सुमारास जी एक युक्ती पुष्कळांना भुरळ घालते, तिच्याविषयी.

ती युक्ती समजण्यास मंदीवाल्याचा धंदा समजला पाहिजे. आठवड्याच्या बाजारात एखादा मनुष्य, घरात ज्वारीचा दाणा नसताना, 'एक पोते तीन हजारांना दिले' असे सांगून मोकळा होतो. त्याची अटकळ अशी की, संध्याकाळपर्यंत भाव उतरेल. मग अठ्ठावीसशेला दुसऱ्याकडून पोते उचलावे, पहिल्याच्या दारात टाकावे आणि दोनशे रुपये खिशात घालावेत. शेअरबाजारात असे करणारास मंदीवाला म्हणतात. जुने गुजराती दलाल अशा विक्रीस 'वेचाण' म्हणत, आजची मुले 'शॉर्ट' म्हणतात. विकलेले पुन्हा विकत घेऊन देणे मिटविण्यास 'शॉर्ट कव्हरिंग' असे नाव आहे. भाव उतरला तर मंदीवाल्याचे साधले. चढला तर मात्र त्याची पंचाईत. कारण पोते तर त्याने दिले आहे, आणि चढत्या भावाला मर्यादा नाही.

आता शेअरबाजारातील नियम पाहा. आपल्यासारख्या किरकोळ माणसास रोखीच्या बाजारात ही विक्री सामान्यतः त्या दिवसापुरतीच करता येते. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला मिटतो. तेवढ्या अवधीत विकलेला माल परत घेतलाच पाहिजे. गिऱ्हाइक विसरले अथवा टाळू लागले तर दलालाचे यंत्रच त्याला न विचारता व्यवहार मिटवून टाकते. कोणाच्या येथे ही वेळ तीन वाजून पंधरा मिनिटांची, कोणाच्या येथे वीस, कोणाच्या येथे पंचवीस. तेव्हा ज्या शेअरमध्ये सकाळपासून पुष्कळांनी वेचाण केले असेल, त्यात दुपारी तीनच्या पुढे पुष्कळांना एकाच वेळी खरेदी करावी लागते. ही खरेदी काही कंपनीच्या कौतुकापोटी होत नसते. शाळेची घंटा होण्यापूर्वी उरलेली गणिते कशीबशी पाटीवर उतरविणाऱ्या मुलाची जी गत, तीच या खरेदीदारांची. आणि सगळेच एकदम घेऊ लागले की भाव वर जातो.

युक्ती ती हीच. सकाळपासून पडत आलेला, परंतु अडीचच्या सुमारास आणखी पडावयाचे थांबलेला असा एखादा शेअर हेरावा. पावणेतीनला तो घ्यावा. सव्वातीनला मंदीवाले धावत आले की त्यांच्याच हातात ठेवावा आणि घरी चहा प्यावा. ऐकताना हे इतके सरळ वाटते की, आजवर कोणाच्या लक्षात कसे आले नाही असा प्रश्न पडतो. वस्तुतः ते सर्वांच्याच लक्षात आलेले असते.

मंदीवाल्याची कोंडी ही मुंबईच्या बाजारास नवी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत शेअरांचे वेड पसरले, तेव्हाचे मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ या दिवशी पुरे व्हावयाचे होते. युद्ध एप्रिलमध्येच संपले होते. तो दिवस उजाडला तेव्हा भल्याभल्या पेढ्यांची दिवाळी निघाली. तेथे बुडाले ते तेजीवाले. परंतु ठरलेला दिवस येताच देणे पुरे करावे लागते, ही गोष्ट तीच. पुढे १९८२ साली रिलायन्सच्या शेअरांवर कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी मोठे वेचाण केले. समोरच्या पक्षाने माल घेत घेत अखेर एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी प्रत्यक्ष शेअर मागितले. ते आणावयाचे कोठून? भाव असा चढला की मुंबईचा शेअरबाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. त्या काळी 'बदला' नावाची पद्धत होती. व्याजासारखी रक्कम देऊन व्यवहार पुढच्या पंधरवड्यावर ढकलता येत असे. जुलै २००१ पासून ती पद्धत गेली. पूर्वी मंदीवाल्यास पंधरवड्याची सवड असे आणि प्रसंगी वाढवूनही मिळे. आजच्या किरकोळ मंदीवाल्यास सवा सहा तासांची आहे, आणि वाढवून मिळत नाही.

आता माझी हकीकत. २०१९ साली मी निवृत्त झालो. निवृत्तीवेतनाच्या विक्रीची रक्कम आली, तिच्यातून घराचे छप्पर दुरुस्त झाले, मुलीचे देणे फिटले, आणि चार लक्ष रुपये बँकेत राहिले. ते 'आमच्या दोघांच्या आजारपणाचे' असे सौभाग्यवतीने ठरविले होते. २०२२ च्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून वाईस आला होता. त्याच्या मोबाइलवर शेअरांचे भाव हिरवे-तांबडे होताना पाहून मी सहज चार प्रश्न विचारले. त्याने कौतुकाने माझे खाते उघडून दिले. "काका, गंमत म्हणून पाहा हं," असे तो दोनदा म्हणाला, हे मला त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने स्वतः महिनाभरात हा नाद सोडला. मी सोडला नाही. शेवटच्या अर्ध्या तासाची युक्ती शिकविणाऱ्या एका गृहस्थांच्या वर्गास मी बारा हजार रुपये शुल्क भरले. छत्तीस वर्षे स्वतः मास्तर राहिलेला मी, परंतु 'तुम्ही ही युक्ती आम्हांस विकता, ती वापरून बसत का नाही?' हा पहिल्या बाकावरच्या मुलाला सुचणारा प्रश्न मला सुचला नाही.

पहिल्याच दिवशी सहाशे चाळीस रुपये मिळाले. माझा पहिला मासिक पगार जवळपास तितकाच होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती आनंदाने लागली नाही असे मी तेव्हा समजलो.

दररोज दुपारी अडीच वाजता मी माजघरात खुर्ची ओढून बसू लागलो. एक वही घातली. तीत तारीख, शेअर, घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव, आणि खर्च असे रकाने आखले. सवयीने आखले, इतकेच. आज मी आपणांस जे आकडे सांगू शकतो ते त्या वहीमुळे. वही नसती तर माझीही समजूत आज अशीच असती की, 'एकंदरीत फार गेले नाहीत.'

हळूहळू मला त्या युक्तीतील भोके दिसू लागली. दिसूनही मी खेळत राहिलो हा भाग वेगळा. पहिले असे की, ज्यांनी सकाळी एका दिवसासाठी खरेदी केली आहे त्यांनाही त्याच वेळी विकावे लागते. दलालाचे यंत्र जसे मंदीवाल्यासाठी खरेदी करते तसे तेजीवाल्यासाठी विक्री करते. म्हणजे सव्वातीनला दोन्हीकडून माणसे धावत येतात. कोणती बाजू जड ते आधी कळले तर युक्तीस अर्थ. आणि ते कळत नाही. रोखीच्या बाजारात अमुक शेअरचे या घटकेस किती वेचाण उघडे आहे, हा आकडा दिवसा कोणाच्या पुढे मांडला जात नाही. वायदेबाजारात उघड्या सौद्यांची संख्या दिसते. भाव चढत असताना ती संख्या उतरू लागली तर मंदीवाले सौदे मिटवीत आहेत असे अनुमान निघते. परंतु वायदे आहेत ते मोजक्या मोठ्या कंपन्यांचे. मी ज्या लहान शेअरांत हात घालीत होतो त्यांना वायदाच नव्हता. मी जे पाहत होतो ती केवळ पडद्यावरची रेघ. आणि शेअर पडावयाचा थांबला याचे कारण मंदीवाले दमले हेही असू शकते, किंवा ते दोन वाजताच खरेदी करून घरी गेले हेही असू शकते. दुसऱ्या प्रकारात मी पावणेतीनला घेतलेला माल सव्वातीनला कोणाच्या गळ्यात घालणार?

असे झाले की मी घड्याळाकडे पाहत बसे. तीन वाजले, तीन दहा झाले, भाव दोन रुपये खाली. मनात म्हणे, आता येतील, आता येतील. आणि येई ते माझ्याच दलालाचे यंत्र. माझा माल ते मिळेल त्या भावास विकून टाकी. दुसऱ्यांना घंटेने बांधलेले आहे एवढेच मी पाहिले होते. त्याच घंटेने मलाही बांधले आहे हे प्रत्येक वेळी मला सव्वातीनलाच आठवे.

शिवाय खर्च. दीड लक्ष रुपयांचा माल घेऊन विकला तर दलाली, शेअरव्यवहारावरील कर, बाजाराचे शुल्क, मुद्रांक आणि दलालीवरील वस्तू-सेवा कर मिळून मला सुमारे शंभर रुपये पडत. आपण म्हणाल, दीड लक्ष आणले कोठून? दलाल एक दिवसासाठी पाचपट व्यवहार करू देतो. तीस हजारांवर दीड लक्षाचा खेळ. पूर्वी तर याहूनही कितीतरी अधिक पट मिळे. सप्टेंबर २०२१ पासून नियम कडक झाल्याने हात थोडा आखडला. शंभर रुपये ही रक्कम लहान दिसते. परंतु ती जिंकणाराकडूनही घेतात, हरणाराकडूनही घेतात, आणि दररोज घेतात.

आता जून २०२३ मधील एका दिवसाविषयी जरा विस्ताराने सांगतो. कारण त्या दिवशी मला मंदीवाल्याचे घर आतून पाहावयास मिळाले. एक लहान कंपनीचा शेअर (नाव सांगण्यात अर्थ नाही, तिचा काही दोष नव्हता) आदल्या दिवशी १४० रुपयांवर बंद झाला होता. त्या दिवशी तो काही कारण नसताना चढत होता. मी विचार केला, नेहमी आपण मंदीवाल्याची वाट पाहतो. आज स्वतःच मंदीवाला होऊ. दीड वाजता १४८ च्या भावाने मी एक हजार शेअर विकले. माझ्याजवळ त्यांतला एकही नव्हता. सव्वादोनला भाव १४९.५० झाला. मी म्हटले, उतरेल. दोन चाळीसला तो १५४ वर जाऊन थांबला.

या थांबण्याचा अर्थ आपणांस सांगितला पाहिजे. त्या शेअरला दिवसाला दहा टक्क्यांची मर्यादा होती. १४० चे दहा टक्के चौदा, म्हणून १५४ च्या वर त्या दिवशी सौदा होऊच शकत नव्हता. यास 'अप्पर सर्किट' म्हणतात. त्या भावाला घेणारांची रांग लागली आणि विकणारांचा रकाना रिकामा झाला. अगदी रिकामा, पडद्यावर तेथे शून्य दिसत होते. मी खरेदीची मागणी टाकली ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तीन वाजले. सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या. तीन वीसला दलालाच्या यंत्राने माझ्या वतीने खरेदीचा प्रयत्न केला. यंत्रास तरी शून्यातून काय मिळणार? साडेतीनला बाजार बंद झाला. चहावर साय धरली होती.

त्या रांगेत नव्या खरेदीदारांबरोबर माझ्यासारखेच अडकलेले मंदीवालेही असणार. इतके महिने ज्यांच्या अडचणीवर मी दोन पैसे मिळवू पाहत होतो, त्यांच्या ओळीत मी स्वतः उभा होतो. आणि आमच्या अडचणीवर त्या दिवशी दुसरे कोणी पैसे मिळवीत होते.

विकलेला माल दिला नाही तर बाजार तो लिलावाने मिळवितो आणि किंमत आपल्या नावे टाकतो. दुसऱ्या दिवशी लिलावात मला १७१ चा भाव पडला. १४८ ला विकलेले १७१ ला घ्यावे लागले. शेअरमागे तेवीस रुपये, एक हजार शेअर. एका दिवसात तेवीस हजार गेले, वर खर्च निराळा. मी जन्मभर मुलांना सांगत आलो की उत्तर लिहिण्याआधी ते किती मोठे येऊ शकेल याचा अंदाज करा. त्या दिवशी दीड वाजता मी तो केला नव्हता.

यंत्राच्या घड्याळावर भरवसा ठेवणाराची कशी गत होते याचा याहून मोठा नमुना २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्व देशाने पाहिला. मी तेव्हा बाजारात नव्हतो, परंतु पुढे वाचून मला घाम फुटला. त्या दिवशी राष्ट्रीय शेअरबाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तांत्रिक बिघाडाने बंद पडले. दुपार झाली तरी सुरू होईनात. ज्यांचे व्यवहार उघडे होते त्यांची वेळ भरत आली, तेव्हा अनेक दलालांनी मिळेल त्या भावाने मुंबई शेअरबाजारात ते मिटवून टाकले. त्यानंतर कळले की राष्ट्रीय शेअरबाजार पावणेचारला पुन्हा उघडणार आणि पाचपर्यंत चालणार! ज्यांनी घाईने मिटविले त्यांच्या डोळ्यांदेखत भाव पुढे गेले. त्या दिवशी सेन्सेक्स हजारावर अंशांनी चढून बंद झाला. दुपारपर्यंत घंटा साडेतीनची होती, आणि मग ती पाचची झाली. शाळेत असे केले तर पालक दारात येऊन उभे राहतील. या शेवटच्या अर्ध्या तासाचे स्वरूपही कायमचे नव्हे. माझ्या वेळी बंद भाव म्हणून अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी धरीत. २०२५ साली सेबीने त्यासाठी स्वतंत्र लिलावसत्राची योजना चर्चेसाठी मांडली. ज्या मुलाने जुन्या वेळेवर आपली युक्ती बसविली आहे, त्याला ती पुन्हा नव्याने, आणि पुन्हा स्वतःच्या पैशाने, शिकावी लागेल.

जूननंतर माझा खेळ हा खेळ राहिला नाही. गेलेले परत आणावयाचे, एवढेच डोळ्यांपुढे. ऑगस्ट २०२३ च्या मध्यास मी वहीची बेरीज केली. एकंदर व्यवहार ५१२. त्यांपैकी फायद्याचे २९१ आणि तोट्याचे २२१. म्हणजे मी हरण्यापेक्षा जिंकलोच अधिक वेळा! आमच्या शाळेत एवढे गुण मिळविणारा मुलगा उत्तीर्ण झाला असता. परंतु फायद्याच्या व्यवहारात सरासरीने ५२० रुपये मिळाले होते आणि तोट्याच्या व्यवहारात १,४६० गेले होते. मुलांनी घरी गुणाकार करून पाहावा. ओढग्रस्तीतून निसटता सुटलो की मी दोनशेचारशे घेऊन पळे, आणि बुडू लागलो की घंटा होईपर्यंत थांबे. हा तोटा सुमारे १,७१,३०० रुपयांचा. त्यावर खर्चाचे ५४,३००. चार लक्षांपैकी १,७४,४०० उरले. वर्गाचे बारा हजार यात धरलेले नाहीत.

आता जे सांगावयाचे आहे ते मी भाषणाच्या कागदावर तीनदा लिहून तीनदा खोडले होते.

त्या वर्षी मी आपल्या मंडळाचा कोषाध्यक्ष होतो. विद्यार्थी साहाय्यक निधीच्या एका मुदतठेवीची मुदत ऑगस्टमध्ये संपली आणि ३,४०,००० रुपये बचतखात्यात आले. नव्या ठेवीसाठी दोन सह्यांचा धनादेश लागतो. चिटणीस परगावी राहत असल्याने सोयीसाठी एका कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याचा आपला जुना प्रघात होता. तो धनादेश माझ्या कपाटात होता. बेरीज केली त्या रात्री मी तो बाहेर काढला. मनात हिशेब असा की, ठेव तीन दिवस उशिरा केली तर कोणास कळणार आहे? चार चांगल्या दुपारी मिळाल्या की माझे भरून निघेल, आणि निधीचा पैसा होता तेथे जाऊन बसेल. मी आकडा लिहिला नाही. परंतु लेखणीचे टोपण काढले होते, हे मला आज आपल्यापुढे सांगितले पाहिजे. घरात नसलेले पोते विकणे ते हेच, फक्त या खेपेस पोते आपल्या गरीब विद्यार्थ्यांचे होते.

सकाळी पहिल्या गाडीने मी चिटणीसांकडे गेलो, धनादेश परत दिला आणि त्यांच्यासमक्ष ठेवीचे कागद पुरे करविले. त्याच आठवड्यात पद सोडले. राजीनाम्यात 'दृष्टिदोषामुळे' असे लिहिले. आपण सर्वांनी माझ्या डोळ्यांची आपुलकीने चौकशी केलीत. दोन भगिनींनी तर गाजराचा रस घेण्यास सांगितले, आणि तो मी शरमेने चार महिने घेतला. डोळ्यांना काही झालेले नव्हते. खोटे कारण दिल्याबद्दल मी आज मंडळाची क्षमा मागतो. निधीतील एक पैसाही हललेला नाही, हे तत्कालीन हिशेबनिसांनी तपासलेले आहे. तरीही कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, कोऱ्या धनादेशावर सही करण्याचा तो प्रघात ठरावाने बंद व्हावा. माझ्या जागी कोण येईल आणि त्याच्या घरी कोणते घड्याळ चालू असेल, हे कोणास सांगता येते?

सौभाग्यवतीस सर्व सांगितले तेव्हा तिने आदळआपट केली नाही. पुष्कळ वेळाने तिने एकच विचारले, "अहो, एवढे पैसे गेले, ते मिळाले कोणाला?" मला उत्तर देता आले नाही. खर्चाचे कोठे गेले ते वहीत होते. उरलेल्याचा पत्ता नव्हता.

या प्रश्नाचे थोडे उत्तर पुढे सेबीच्या अहवालांत सापडले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने वायदे-पर्याय बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरात त्र्याण्णव तोट्यात गेल्या, आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लक्ष कोटींवर गेला. नफा गेला तो मोठ्या दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांत आणि परदेशी गुंतवणूकदारांकडे, आणि त्यांच्या नफ्यापैकी बहुतेक संगणकाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांतून झालेला होता. माझा बाजार रोखीचा, तो वायद्याचा. परंतु माझ्यासमोर पडद्यापलीकडे कोण बसले असावे याची मला कल्पना आली. मी चष्मा पुसून भाव वाचीपर्यंत त्यांच्या यंत्राचे शंभर सौदे झालेले असणार.

माझ्याच बाजाराविषयीचा अहवाल त्याआधी, जुलै २०२४ मध्ये आला होता. २०२२-२३ साली रोखीच्या बाजारात एका दिवसाचे व्यवहार करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षाला पाचशेहून अधिक व्यवहार करणारांत तोट्यात जाणारे शंभरात ऐंशी. माझे दहा महिन्यांत ५१२ होते. परंतु मला खरी धास्ती वाटली ती निराळ्या आकड्याची. अशा व्यवहार करणारांत तीस वर्षांखालील मुले २०१८-१९ साली शंभरात अठरा होती. चार वर्षांत ती अठ्ठेचाळीस झाली. त्या तिघा पालकांची मुले यांतच आहेत.

त्या तिघांना मी 'पाहू' म्हणालो होतो, त्याचे उत्तर आज देतो. मुलास रागावू नये; मोबाइल काढून घेऊ नये, तो दुसरा आणील. 'आज किती मिळाले?' असे तर कधीच विचारू नये, कारण त्या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा 'सहाशे चाळीस' असेच असते. त्याने आपल्या दलालाकडून एका पूर्ण वर्षाचे नफा-तोट्याचे पत्रक घ्यावे. ते मागितले की मिळते. सर्व खर्च वजा केलेले असावे. ते घेऊन त्याने रविवारी सकाळी दहानंतर माझ्याकडे वाईस यावे. वडिलांनी बरोबर येऊ नये. माझी वही मी त्याच्यापुढे उघडी ठेवीन, त्याने त्याचे पत्रक माझ्यापुढे ठेवावे, आणि आम्ही दोघे मिळून बेरीज करू. त्याची बेरीज अधिक निघाली तर मी त्याला काही सांगणार नाही. उलट त्याच्याकडून शिकेन. आकडे फार बारीक छापलेले असतात, परंतु त्याची चिंता नको. डोळे माझे अजून चांगले आहेत.